रात्रीचे आवाज: भूत, भूमी की भिंत?

दिवसाच्या उजेडात ज्या गृहस्थाच्या व्यवहारचातुर्याची साऱ्या बाजारात वाहवा होते, जो समोरच्याने दिलेला धनादेश दोन्ही बाजूंनी निरखून पाहिल्यावाचून पेटीत ठेवीत नाही, तोच गृहस्थ रात्री दोन वाजता डोक्यावरच्या पत्र्यावर 'ठक्' असा आवाज झाला की कोणताही पुरावा न मागता वाटेल त्या कथेवर विश्वास ठेवावयास सिद्ध होतो! हा चमत्कार आम्हांस त्या आवाजाहूनही अधिक गूढ वाटतो. उल्हासनगर कॅम्प ५ सारख्या दाट वस्तीत, जेथे एका घराची भिंत ती दुसऱ्या घराचीही भिंत असते, तेथे रात्रीचा एक आवाज दहा कुटुंबांची झोप उडवितो आणि सकाळ होईपर्यंत त्याच्या दहा हकिकती तयार होतात. हा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. दैनिकाच्या अग्रलेखात त्यास जागा कशाला, असे कोणी म्हणेलही. परंतु याच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत माणसांच्या जिवाचा प्रश्न कसा दडलेला आहे, हे दाखविण्याकरिताच आज आम्ही लेखणी उचलली आहे.

अशा आवाजांच्या बाबतीत आमच्या लोकांत तीन पक्ष दृष्टीस पडतात. पहिला पक्ष श्रद्धाळूंचा. आवाज झाला की तो मुंज्याचा, हडळीचा, किंवा कोणी केलेल्या करणीचा, असा त्यांचा निकाल आवाज विरण्यापूर्वीच लागलेला असतो. दुसरा पक्ष उपहास करणाऱ्यांचा. हे स्वतःस सुधारक म्हणवितात. पण ऐकणाऱ्यास 'तुला भास झाला' एवढे सांगून कुशीवर वळणे हीच त्यांची सुधारणा. तिसरा पक्ष अलीकडच्या काळाने निर्माण केला आहे. हे लोक भीतही नाहीत आणि हसतही नाहीत. ते हातातील दूरध्वनीवरून 'आज रात्री मोठा भूकंप होणार' असा संदेश शंभर जणांस धाडून देतात आणि आपण समाजाची सेवा केली अशा समाधानात निजतात. या तिन्ही पक्षांत आपापसांत कितीही वैर असले तरी एका गोष्टीत त्यांचे पूर्ण एकमत आहे: आवाज कशाचा, हे शोधून काढण्याची तसदी तिघांपैकी एकही घेत नाही.

आम्ही कायद्याचे अभ्यासक असल्यामुळे आमची दृष्टी साहजिकच साक्षीपुराव्याकडे वळते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. परंतु जुन्याचा एक शहाणपणाचा नियम नव्यातही कायम आहे. तो असा की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ऐकलेल्या गोष्टीविषयी साक्ष द्यावयाची तर ती ज्याने स्वतः ऐकली त्याने दिली पाहिजे. हा नियम रात्रीच्या आवाजांस लावून पाहा. 'मी पहाटे तीन वाजता जमिनीतून गडगड ऐकली' असे एखादी म्हातारी सांगते तेव्हा ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु 'ती गडगड पिशाच्चाची होती' असे ती म्हणते तेव्हा ती साक्ष उरत नाही. ते अनुमान होते, आणि अनुमान सिद्ध करावे लागते. कानाची साक्ष मानावी, मनाचे अनुमान तपासावे, हा एवढा विवेक आमच्या लोकांनी अंगी बाणविला तर आम्हांस दुसरे काही सांगावयाचे नाही. श्रद्धाळू पक्ष अनुमानासच साक्ष समजतो, आणि उपहास करणारा पक्ष अनुमानाबरोबर साक्षही उकिरड्यावर फेकून देतो. दोघेही सारखेच चुकतात.

आता प्रथम, आवाज रात्रीच का ऐकू येतात, याचा विचार करू. पुष्कळांस वाटते की भुतांस काळोख प्रिय म्हणून. वस्तुस्थिती फार साधी आहे. दिवसा रिक्षा, कारखाने, बाजार आणि माणसे यांच्या कोलाहलात शेकडो बारीक आवाज बुडून गेलेले असतात. रात्री तो कोलाहल ओसरला की भरतीचे पाणी उतरल्यावर खडक उघडे पडावेत तसे ते उघडे पडतात. दुसरे कारण हवेचे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड असते, म्हणून ध्वनी वरच्या बाजूस वळून निघून जातो. निरभ्र रात्री, विशेषतः हिवाळ्यात, जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व वरची त्यामानाने उबदार राहते, आणि ध्वनी पुन्हा जमिनीकडे वाकतो. यामुळे विठ्ठलवाडी किंवा अंबरनाथ स्थानकाजवळून जाणाऱ्या मालगाडीचा जो खडखडाट दिवसा चार गल्ल्यांपलीकडे पोहोचत नाही, तो मध्यरात्री अगदी उशाशी आल्यासारखा वाटतो. आणि तिसरे कारण ऐकणाराचे मन. अंधारात डोळे निकामी झाले की सगळा कारभार कानांकडे येतो, आणि एकट्या कानास अंतर व दिशा यांचा हिशेब नीट जमत नाही.

मग घराचे आवाज. उल्हासनगर हे शहरच मुळी छावणीतून उभे राहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली कुटुंबे आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींस पुढे खोल्या जोडल्या गेल्या, खोल्यांवर माळे चढले, माळ्यांवर पत्रे पडले. आता लोखंडाचा धर्म असा की ते उन्हाने वाढते व थंडीने आखडते. सहा मीटर लांबीचा पत्रा वीस अंशांनी निवला की सुमारे दीड मिलिमीटर आखडतो. खिळ्याने जखडलेला पत्रा हळूहळू आखडू शकत नाही. ताण साचत जातो आणि एका क्षणी 'ठक्' असा सुटतो. एका पन्हळीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी सुटली की छपरावर कोणी पावले टाकीत चालल्याचा हुबेहूब भास होतो. त्याचप्रमाणे नळास रात्री पाणी सुटते तेव्हा रिकाम्या नळांतील कोंडलेली हवा हुंकार देत बाहेर पडते, आणि वाहत्या पाण्याची तोटी एकदम बंद केली की पाण्याचा धक्का नळावर हातोडा मारल्यासारखा बसतो. यात भुताचा संबंध असलाच तर तो पालिकेच्या पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाशी आहे!

त्यानंतर येतात मुके म्हणून समजले जाणारे आमचे शेजारी. माळ्यावर सरपटत जाणारे उदमांजर, पाया पोखरणारी घूस, जुन्या इमारतीच्या खबदाडीत पिल्ले वाढविणारे गव्हाणी घुबड, वालधुनीच्या काठच्या मोकळ्या जागेत रात्री टाहो फोडणारी टिटवी, हे सगळे निशाचर आमच्या वस्तीत कधीचे राहत आहेत. गव्हाणी घुबडाची किंचाळी ज्याने एकदा ऐकली तो तिला मनुष्याची किंकाळी समजला तर त्यास दोष देता येत नाही. आणि त्याची पिल्ले अन्नासाठी जो फुत्कार करतात तो ऐकून पुष्कळांनी घरात साप शोधला आहे. टिटवी ओरडली म्हणजे कोणी मरणार, ही समजूत तर घरोघर आहे. परंतु टिटवी ओरडते ती बहुधा आपल्या जमिनीवरच्या अंड्यांजवळ कुत्रे किंवा माणूस आले म्हणून. ती आपल्या घरावरचे संकट पुकारीत असते. आम्ही ते आपल्या घरावरचे समजून बसतो.

हा अनुभव केवळ आमचाच आहे असे नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो म्हणून एक गाव आहे. तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या घरांतून राहणाऱ्या लोकांस १९८० च्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री एक अखंड घुमणारा आवाज ऐकू येऊ लागला. कोणी पंपांवर संशय घेतला, तर कोणी लष्कराच्या गुप्त प्रयोगांवर. शोधाअंती निघाले काय, तर एका जातीचा नर मासा मादीस साद घालीत होता! कॅनडातील विंडसर शहरात असाच घुमारा कित्येक वर्षे लोकांस छळीत होता. नदीपलीकडे, अमेरिकेच्या हद्दीतील पोलाद कारखान्याच्या भट्ट्या २०२० मध्ये थंडावल्या आणि घुमाराही थांबला. त्याच वर्षी, २० मे रोजी, बंगळूर शहर दुपारच्या एका प्रचंड स्फोटसदृश आवाजाने दणाणले. भूकंप झाला अशी आवई उठली. परंतु तो वायुदलाच्या चाचणी विमानाच्या स्वनातीत वेगाचा परिणाम होता, असे संरक्षण खात्याने स्पष्ट केले. या तीन प्रकरणांत कारणे तीन निघाली: मासा, कारखाना आणि विमान. पण भूत एकातही निघाले नाही. आणि 'भास' हे उत्तरही एकाही ठिकाणी खरे ठरले नाही. लोकांनी ऐकले ते खरेच होते.

आता या प्रश्नाच्या गंभीर अंगाकडे वळू. महाराष्ट्रात जमिनीतून येणाऱ्या आवाजांची प्रकरणे नवी नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ व वसमत तालुक्यांतील गावे कित्येक वर्षे भूगर्भातील गडगडाट ऐकत आली आहेत. लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातील हासोरी येथे सप्टेंबर २०२२ मध्ये असेच आवाज झाले. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी खुद्द लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात लोकांनी आवाज ऐकले, आणि भूकंपमापन केंद्रांकडे चौकशी करता तशी नोंद नसल्याचे प्रशासनाने कळविले. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीच्या परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली तिने आदिवासी कुटुंबांस ऐन थंडीत घराबाहेर निजावयास लावले.

या आवाजांची उत्पत्ती कशी होते ती समजून घेण्यास फार मोठी विद्या लागत नाही. खडकात साचलेला ताण एखाद्या भेगेवर सुटतो तेव्हा ज्या लाटा निघतात त्यांपैकी पहिली लाट ध्वनीच्याच जातीची असते. ती खडकास दाबीत व सैल करीत पुढे जाते. ती पृष्ठभागास पोहोचली की जमीन एखाद्या डफाच्या कातड्याप्रमाणे थरथरते आणि ती थरथर हवेत उतरते. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे वीस कंपनांच्या पुढचाच ध्वनी ऐकू येतो. मोठ्या व दूरच्या भूकंपाची कंपने बहुधा त्याहून संथ असतात, म्हणून तो अंगास जाणवतो पण कानास तितकासा नाही. उलट लहान, उथळ आणि जवळचा धक्का वेगवान कंपनांनी भरलेला असतो; आणि दख्खनचा काळा कठीण पाषाण ती कंपने फारशी न शोषता वर आणून सोडतो. यामुळे भांडे हलत नाही, दिवा झुलत नाही, पण जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा आवाज मात्र होतो. म्हणजे 'धक्का नाही, नुसताच आवाज' हे भुताचे लक्षण नसून लहान भूकंपाचेही असू शकते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरून हा ताण सुटण्यास मदत करीत असावे, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. आणि पाण्याच्या भाराने भूमी कशी बोलू लागते याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण तर आमच्याच कोयनेचे आहे. तेथे धरणाचा जलाशय भरू लागल्यानंतर लहान धक्के व आवाज सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठ्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले.

येथे किल्लारीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९९२ च्या उत्तरार्धात त्या परिसराने लहान धक्क्यांची मालिका अनुभवली होती. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपतीचे विसर्जन करून लोक गाढ झोपेत असताना, भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आधीच्या धक्क्यांवरून त्या पहाटेची तारीख कोणास सांगता आली असती, असे आम्ही म्हणत नाही; तशी विद्या आजही जगात कोणाजवळ नाही, आणि कोणी तारीखवार भविष्य सांगू लागला तर तो लबाड समजावा. परंतु त्या घरांच्या भिंती मातीत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या, त्यांवर मातीच्या जाड माळवदांचा भार होता, आणि माणसांस बहुतांशी त्या भिंतींनी व माळवदांनी मारले. भूमीने दिलेली सूचना तारखेची नसते; ती भिंतीकडे पाहा, एवढीच असते. ती सूचना वाचावयास तेव्हा कोणी बसलेले नव्हते.

लातूर-हिंगोलीची ही कथा उल्हासनगरच्या व्यापाऱ्यास दूरची वाटेल. तर मग घरची सांगतो. १५ मे २०२१ रोजी या शहरात मोहिनी पॅलेस या इमारतीचा स्लॅब मजल्यामागून मजला फोडीत खाली आला व माणसे मेली. तेरा दिवसांनी, २८ मेच्या रात्री, दुसऱ्या एका पाच मजली इमारतीचा स्लॅब तसाच कोसळला व सात जणांचा बळी गेला. दोन्ही इमारती १९९० च्या दशकातील. येथून हाकेच्या अंतरावर अंबरनाथचे शिवमंदिर आहे, ते इ. स. १०६० पासून, म्हणजे साडेनऊशेहून अधिक वर्षे, उभे आहे. आणि आमचे स्लॅब तीस वर्षेही उभे राहिले नाहीत! सिमेंटच्या आतील लोखंडी सळईस पाणी लागले की ती गंजते. गंज मूळच्या लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतो, आणि भोवतालच्या काँक्रीटला आतून फोडू लागतो. ही फूट बहुधा मुकाट्याने होत नाही. रात्रीच्या शांततेत छतातून 'कट्' असा आवाज येणे, गिलाव्याचा पापुद्रा किंवा वाळू गळणे, काल लागणारे दार आज चौकटीत अडकणे, जमिनीच्या लाद्या कारणावाचून उचलणे, तुळईवर तिरपी भेग दिसणे, ही लक्षणे ज्या घरात एकत्र दिसतील त्या घरातील आवाज पत्र्याचा नव्हे, घुबडाचा नव्हे आणि भूकंपाचाही नव्हे. तो इमारतीचा अखेरचा जबाब आहे. अशा घरात लिंबू-मिरची बांधून निजणे आणि 'भास आहे' म्हणून निजणे, या दोहोंचा परिणाम एकच होण्याचा संभव असतो.

याविषयी कायदा काही सांगतो काय? सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचना स्थिर असल्याचा दाखला नोंदणीकृत अभियंत्याकडून घेणे मालकावर वा राहणाऱ्यांवर बंधनकारक आहे. धोकादायक बांधकामाविषयी कलम २६४ अन्वये आयुक्तांस अधिकार आहेत. परंतु २०२१ मध्ये ज्या इमारतींनी माणसे मारली त्यांस तीस वर्षे पुरी झालेली नव्हती. कायद्याने तीस वर्षे थांबावयास सांगितले. स्लॅब थांबला नाही. यावरून इतकेच सिद्ध होते की, दाखल्याची तारीख येईपर्यंत कान झाकून बसणे हे शहाणपण नव्हे. ज्या इमारतीत आवाज, भेगा व गळती यांची तक्रार आली तिची तपासणी वयाकडे न पाहता झाली पाहिजे.

आता श्रद्धाळू पक्षास दोन शब्द. कोणाच्या देवावर वा धर्मावर आम्हांस टीका करावयाची नाही. परंतु आवाजाचे खापर जेव्हा करणीवर फुटते तेव्हा करणी करणारी व्यक्तीही शोधली जाते. आणि ती बहुधा शेजारची एखादी विधवा, एखादी एकटी म्हातारी, किंवा ज्याच्याशी नळाच्या पाण्यावरून भांडण आहे असा भाडेकरू निघते. पत्रा आखडला म्हणून एका निरपराध बाईचे जिणे असह्य व्हावे, यासारखा अन्याय नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, भुताची भीती घालून लोकांत घबराट माजविणे, ही कृत्ये त्या कायद्यान्वये सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेस पात्र आहेत. गल्लीत आवाज झाला म्हणून वर्गणी काढून मांत्रिक आणणारांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, प्रत्येक आवाजाचे कारण तुमच्या शास्त्रास तरी कोठे सापडते? आक्षेप खरा आहे. गंगेच्या मुखाकडील बारिसाल भागात एकोणिसाव्या शतकात तोफा डागल्यासारखे आवाज ऐकू येत. त्यांस 'बारिसालच्या तोफा' असे नाव पडले, बंगालच्या एशियाटिक सोसायटीत त्यांची चर्चा झाली, आणि तरीही सर्वांस मान्य असे कारण निश्चित झाले नाही. परंतु 'अद्याप कळले नाही' यापासून 'म्हणून ते भूत' हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो? खुनाचा आरोपी सापडला नाही म्हणून कोणतेही न्यायालय खुनाचा दोष ब्रह्मराक्षसावर ठेवून प्रकरण मिटवीत नाही. दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: प्रत्येक आवाजाची दखल घेतली तर लोकांत घबराट पसरेल. आमचा अनुभव याच्या उलट आहे. घबराट माहितीने पसरत नाही. माहितीच्या अभावाने पसरते. 'भूकंपमापकावर नोंद नाही' हे उत्तर प्रामाणिक असेल, पण ते अपुरे आहे. मापक दूर असेल आणि धक्का अगदी लहान असेल तर नोंद न होणेही शक्य असते. नोंद नाही म्हणजे आवाज नाही, असा त्याचा अर्थ लोकांस सांगितला जातो, आणि ज्यांनी स्वकर्णांनी ऐकले ते त्या दिवसापासून सरकारवरचा विश्वास काढून मांत्रिकावर ठेवतात.

मग करावे काय? आमचे वाचक बहुतेक व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो: आवाजांचीही रोजकीर्द ठेवा. आवाज झाला की प्रथम घड्याळ पाहून वेळ मिनिटासह लिहा. किती क्षण टिकला, एकदा झाला की पुनःपुन्हा, छतातून आला, भिंतीतून की जमिनीतून, खिडकीची तावदाने वाजली काय, त्या वेळी गाडी गेली काय, पाणी सुटले काय, हे नोंदवा. शेजाऱ्याने ऐकले असल्यास त्याने आपली नोंद तुम्हांस न विचारता स्वतंत्र लिहावी. एकमेकांस विचारून लिहिलेल्या दोन साक्षी ही एकच साक्ष होय. दूरध्वनीत ध्वनी टिपून ठेवता आला तर उत्तमच. आठ दिवसांची अशी कीर्द समोर ठेवली की बहुतेक भुते आपोआप उतरतात. रोज पाणी सुटण्याच्या वेळी येणारे नळातले, सूर्यास्तानंतर तासा-दोन तासांनी येणारे पत्र्यावरचे, ठरावीक ऋतूत येणारे पाखराचे, आठवड्याच्या सुटीस बंद पडणारे कारखान्याचे. कारखान्याचे निघाले तर त्यासही उपाय आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आणि जो आवाज यांपैकी कशातच बसत नाही, किंवा ज्याच्याबरोबर भेग दिसते, तो एकही दिवस वाया न घालविता अभियंत्यापुढे गेला पाहिजे. सळसळीबरोबर वाळू गळू लागली तर कीर्द लिहीत बसू नये. मुलाबाळांस घेऊन बाहेर पडावे.

महानगरपालिकेचेही कर्तव्य आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयात अशा तक्रारींची एक नोंदवही असावी. ठरावीक मुदतीत तपासणी व्हावी. आणि तपासात काय निघाले ते मराठीत व सिंधीत, साध्या शब्दांत, त्या वस्तीत फलकावर लावले जावे. इमारत रिकामी करावयास सांगताना राहणाऱ्यांनी जावे कोठे याचेही उत्तर दिले पाहिजे. कारण भाड्याची दुसरी खोली परवडत नाही म्हणूनच पुष्कळ कुटुंबे छताचा आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात, आणि त्यांस अडाणी म्हणणे हा निर्दयपणा होय. राज्य सरकारने ज्या गावांत आवाज पुनःपुन्हा होतात तेथे तात्पुरती भूकंपमापक यंत्रे नेऊन बसवावीत, आणि यंत्रांनी जे सांगितले ते दिल्लीच्या दप्तरात न ठेवता गावच्या चावडीवर वाचून दाखवावे. हिंगोलीत २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ असे दोनदा साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. तेथील लोक वर्षानुवर्षे जे सांगत होते ते काही निराधार नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडाशी धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि पाऊस सरला की त्या फडताळात जातात. त्या यादीत आपल्या इमारतीचे नाव नाही म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. कॅम्प ५ मधील प्रत्येक इमारतीच्या रहिवाशांनी येत्या रविवारी एकत्र बसावे, गेल्या वर्षभरात कोणी कोणते आवाज ऐकले ते एका वहीत लिहावे, आणि ती वही व भेगांची छायाचित्रे घेऊन सोमवारी प्रभाग कार्यालयात जाऊन पोच मागावी. पोच मिळाली की उत्तर देण्याची जबाबदारी महानगरपालिकेची होते. ती उत्तर देते की नाही, इकडे आमचे लक्ष राहील.